बेटांचे गणित आणि वाघांची वाट

१९७१ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एका चाळिशीच्या प्राध्यापकाला मूत्रपिंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंड काढले गेले; पण हातात फार वर्षे नाहीत हे स्पष्ट झाले होते. मूत्रपिंडाचा कर्करोग बराच काळ मुकाट वाढतो. आज पोटाच्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये तो अनेकदा सहज सापडतो. त्या काळी ही सोय नव्हती. जगातल्या पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन लंडनमध्ये झाले तेच मुळी १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असे आणि त्या काळच्या औषधांना हा आजार फारशी दाद देत नसे.

या प्राध्यापकाने उरलेला वेळ एक पुस्तक लिहिण्यात घालवला. १९७२ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, वयाच्या ४२ व्या वर्षी, लेखक गेला. त्यांचे नाव रॉबर्ट मॅकआर्थर. परिसंस्थाशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव पाठ असते.

दोन जंगलांमधली झाडांची पट्टी तोडू नये, महामार्गाखालून वाघाला जायला जागा ठेवावी, हत्तींच्या वाटेवर बांधकाम करू नये, या गोष्टी आता वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. त्यामागचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एखादे जंगल कुंपण घालून, पहारा ठेवून नीट राखले तर तेवढे पुरेसे का नसते? त्यातली एकही फांदी तुटली नाही, तरी प्राणी कमी का होतात? मॅकआर्थर यांनी हा प्रश्न बेटांच्या रूपात सोडवला. आजच्या वन्यजीव भ्रमणमार्गांच्या आखणीची मुळे त्या उत्तरात आहेत.

गणिताकडून पक्ष्यांकडे

मॅकआर्थर यांचा जन्म ७ एप्रिल १९३० रोजी कॅनडातील टोरांटो शहरात झाला. वडील तिथल्या विद्यापीठात आनुवंशिकीचे प्राध्यापक होते. पुढे कुटुंबाचा संबंध अमेरिकेतील व्हरमाँट या डोंगराळ, जंगलांच्या राज्याशी जुळला. तिथल्या मार्लबरो या छोट्या, नव्याने सुरू झालेल्या महाविद्यालयात रॉबर्ट शिकले. मोठे भाऊ जॉन पदार्थविज्ञान शिकवत. रॉबर्ट यांना लहानपणापासून पक्षी पाहण्याचा नाद होता, पण अभ्यासाला त्यांनी विषय घेतला गणित. १९५३ मध्ये ब्राऊन विद्यापीठातून गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन ते येल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले आणि तिथे त्यांनी गणित सोडून प्राणिशास्त्र धरले.

येलमध्ये त्यांना जॉर्ज एव्हलिन हचिन्सन हे गुरू लाभले. तळ्यांच्या अभ्यासासाठी जगभर नाव असलेले हचिन्सन १९३२ च्या येल विद्यापीठाच्या मोहिमेत लडाखच्या सरोवरांपर्यंत येऊन गेले होते. जगात प्राण्यांचे इतके प्रकार का आहेत, हा प्रश्न त्यांना सतत छळत असे. तो प्रश्न त्यांनी शिष्याच्या हाती सोपवला. मध्ये दोन वर्षे सैन्यातली सक्तीची नोकरी झाली. ती संपवून मॅकआर्थर पुन्हा जंगलात शिरले.

त्यांनी अभ्यासाला घेतले वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी. ईशान्य अमेरिकेतील सूचिपर्णी जंगलांत या पक्ष्यांच्या पाच प्रजाती एकाच प्रकारच्या झाडांवर राहत आणि साधारण एकसारखेच किडे खात. एकाच अन्नावर, एकाच जागी दोन प्रजाती फार काळ टिकत नाहीत, त्यातली एक दुसरीला हुसकावून लावते, असे तोवरचे शास्त्र सांगत होते. मग इथे पाच कशा? मॅकआर्थर यांनी कागदावर झाडाचे आडवे आणि उभे भाग पाडले आणि हातात घड्याळ घेऊन कोणता पक्षी कोणत्या भागात किती सेकंद घालवतो याची नोंद सुरू केली. महिनोन्‌महिने चाललेल्या या कंटाळवाण्या मोजणीतून चित्र उभे राहिले. एक प्रजाती शेंड्याकडच्या बाहेरच्या कोवळ्या फांद्यांवर, दुसरी मधल्या आतल्या भागात, तिसरी बुंध्याजवळ आणि जमिनीलगत. शिवाय किडा टिपण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. माणसाला जे एक झाड दिसत होते, ते पक्ष्यांसाठी अनेक खोल्यांचे घर होते. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध आजही जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो.

यानंतर एक वर्ष ऑक्सफर्डला पक्षितज्ज्ञ डेव्हिड लॅक यांच्याकडे काढून ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागले. १९६१ मध्ये त्यांनी भाऊ जॉन यांच्यासोबत आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एखाद्या जंगलात पक्ष्यांच्या किती प्रजाती असतील हे झाडांच्या जाती मोजण्यापेक्षा पानांचे किती थर आहेत हे पाहून चांगले सांगता येते. जमिनीलगतचे गवत, मधली झुडपे आणि वरचे छत असे तिन्ही थर असतील तर पक्षी जास्त. निसर्गातली वरवर दिसणारी गर्दी काही मोजक्या, मोजता येणाऱ्या कारणांवर आणता येते, ही त्यांची श्रद्धा अशा कामांतून पक्की होत गेली. त्या काळी परिसंस्थाशास्त्र बरेचसे याद्यांचे आणि वर्णनांचे शास्त्र होते. मॅकआर्थर यांनी त्याला समीकरण मांडायला शिकवले.

दोन रेषा

१९६० च्या सुमारास त्यांची ओळख एडवर्ड विल्सन यांच्याशी झाली. विल्सन हार्वर्डमध्ये मुंग्यांचा अभ्यास करत आणि न्यू गिनी व आसपासच्या पॅसिफिक बेटांवर हिंडून आले होते. त्यांच्याकडे बेटाबेटांवरच्या मुंग्यांच्या याद्या होत्या. त्यांतून एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. बेट जितके मोठे, तितक्या प्रजाती जास्त. ढोबळ हिशेब असा की क्षेत्रफळ दहापट झाले तर प्रजातींची संख्या साधारण दुप्पट होते. मुख्य भूमीपासून बेट जितके दूर, तितक्या प्रजाती कमी. पण असे का व्हावे, हे नीट उलगडत नव्हते.

१९६२ मध्ये मॅकआर्थर यांनी विल्सन यांना एक छोटे पत्र पाठवले. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांचा आलेख होता. बेटांच्या शास्त्राचे पुढचे अर्धे शतक त्या आलेखाने घडवले.

आलेख समजायला एसटी गाडीचे उदाहरण पुरेल. गाडी रिकामी असताना प्रत्येक थांब्यावर भराभर माणसे चढतात. गाडी भरत गेली की चढणाऱ्यांना जागा मिळेनाशी होते आणि उतरणाऱ्यांची संख्या वाढते. काही वेळाने जितके चढतात तितकेच उतरतात. गाडीतली माणसे बदलत राहतात, पण संख्या साधारण तीच राहते. बेटाचेही तसेच. रिकाम्या बेटावर सुरुवातीला येणारी जवळपास प्रत्येक प्रजाती नवी असते. जसजसे बेट भरते तसतशी नव्यांची आवक घटते, आणि असलेल्यांपैकी नामशेष होणाऱ्यांची संख्या वाढते. आवक दाखवणारी उतरती रेषा आणि नामशेष होणे दाखवणारी चढती रेषा जिथे छेदतात, तिथे बेटावरच्या प्रजातींची संख्या स्थिरावते.

आता बेट लहान असेल तर प्रत्येक प्रजातीचे प्राणी थोडे असतात. एखादे वादळ, एखादी साथ, एखादे दुष्काळी वर्ष, किंवा सलग जन्मलेली सगळी पिल्ले नर निघणे एवढे कारणही तिला संपवायला पुरते. म्हणजे लहान बेटावर नामशेष होण्याचा वेग जास्त. बेट दूर असेल तर नव्यांची आवक कमी. लहान आणि दूर अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर प्रजाती सर्वांत कमी.

या विचाराला इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटाने आधार दिला. १८८३ च्या ज्वालामुखीच्या स्फोटात तिथली जीवसृष्टी जळून गेली होती. पुढे पक्षी परतले. १९२० च्या सुमारास तिथे झालेल्या पाहणीत आणि त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी झालेल्या पाहणीत पक्ष्यांच्या प्रजातींची संख्या जवळपास सारखीच भरली. पण यादी तीच नव्हती. काही प्रजाती गेल्या होत्या, काही नव्या आल्या होत्या. माणसे बदलली होती, गाडी तेवढीच भरलेली होती.

मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६३ मध्ये हा विचार शोधनिबंधात मांडला आणि १९६७ मध्ये बेटांच्या जीवभूगोलाचा सिद्धांत सांगणारे पुस्तक लिहिले. तोवर मॅकआर्थर प्रिन्स्टनला आले होते आणि तिथे सुरू केलेल्या ग्रंथमालेतील हा पहिला ग्रंथ होता. पुस्तक समुद्रातल्या बेटांचे, पण त्यातली पहिली आकृती समुद्राची नाही. ती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या कॅडिझ नावाच्या एका शेतीच्या भागाची आहे. १८३१ मध्ये तो भाग बहुतांश जंगलाने झाकलेला. नंतरच्या नकाशांत जंगल तुटत तुटत जाते आणि १९५० च्या नकाशात उरतात ते शेतांच्या मधोमध विखुरलेले काळे ठिपके. लेखकद्वयाला सांगायचे होते ते हेच. पाण्याने वेढलेले तेच बेट असते असे नाही. उसाच्या आणि मक्याच्या शेतांनी, वस्त्यांनी, रस्त्यांनी वेढलेले जंगलही त्यातल्या प्राण्यासाठी बेटच असते. पुस्तकात त्यांनी छोट्या मधल्या बेटांचाही विचार केला होता. ओढा ओलांडताना पाय ठेवायला दगड असावेत, तशी दोन मोठ्या बेटांमधली लहान बेटे प्राण्यांना टप्प्याटप्प्याने पुढे नेतात.

शेवटचे पुस्तक

सिद्धांत खरा की खोटा हे तपासायला बेट रिकामे करून पाहायला हवे होते. विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी १९६६ पासून तेच केले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची खारफुटीची काही इवलीशी बेटे त्यांनी तंबूने झाकली आणि कीडनाशक धुरी देऊन त्यांवरचे किडे-कोळी संपवले. मग मोजणी सुरू झाली. वर्षभरात बहुतेक बेटांवर प्रजातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. किनाऱ्यापासून सर्वांत दूरचे बेट मागे राहिले. यादी मात्र पूर्वीची नव्हती. मॅकआर्थर यांच्या दोन रेषा कागदावरून उतरून खऱ्या झाडांवर आल्या होत्या.

त्यानंतर लवकरच आजार आला. निदान झाल्यावर मॅकआर्थर यांनी कामाचा वेग वाढवला. व्हरमाँटच्या परिसरात बसून त्यांनी प्रजातींच्या भौगोलिक वाटणीवरचे आपले शेवटचे पुस्तक लिहिले. कोणती प्रजाती कुठे आढळते आणि कुठे नाही, आणि तसे का, याचा आयुष्यभराचा हिशेब त्यात त्यांनी मांडला. शेवटच्या दिवसांत ते विल्सन यांच्याशी दूरध्वनीवर बोलले, तेही मुख्यतः शास्त्राविषयीच. घरी पत्नी बेट्सी आणि चार मुले होती. पक्ष्यांचे सेकंद मोजत आयुष्य सुरू करणाऱ्या माणसाने स्वतःच्या उरलेल्या महिन्यांचाही असा चोख उपयोग केला.

त्यांच्या स्मरणार्थ सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनला एक परिषद भरवली. तिच्यातले लेख १९७५ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्या स्मृतिग्रंथात विल्सन आणि एडविन विलिस यांनी बेटांचा सिद्धांत अभयारण्यांना लावून दाखवला. त्याच वर्षी जेरेड डायमंड यांनीही स्वतंत्र निबंधात तेच केले. दोन्हीकडे साध्या वर्तुळांच्या आकृत्या होत्या. एक मोठे वर्तुळ अनेक लहानांपेक्षा बरे. जवळची वर्तुळे दूरच्यांपेक्षा बरी. आणि सुटी वर्तुळे असतीलच, तर ती अरुंद पट्ट्यांनी जोडलेली बरी. भ्रमणमार्गाची कल्पना नकाशावर आली ती अशी, मॅकआर्थर गेल्यानंतर.

त्यातला युक्तिवाद सरळ आहे. एखाद्या अभयारण्याचे क्षेत्र वाढवणे बहुतेक ठिकाणी शक्य नसते, कारण आजूबाजूला माणसे राहतात. म्हणजे नामशेष होण्याची रेषा खाली आणणे कठीण. पण दुसरी, आवकेची रेषा वर उचलता येते. दोन जंगलांमधले अंतर मोजपट्टीने कमी होत नाही; प्राण्याला ते ओलांडणे सोपे केले की मात्र ते कमी झाल्यासारखेच असते. १९७७ मध्ये जेम्स ब्राऊन आणि ॲस्ट्रिड कोड्रिक-ब्राऊन यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. बाहेरून येणारे प्राणी नवी प्रजाती आणतात एवढेच नाही. संपत आलेल्या कळपात चार नवे जीव मिसळले तर तो कळपच वाचतो. नवे रक्त आल्याने जवळच्या नात्यातल्या संकरातून होणारे आनुवंशिक दोषही कमी होतात. म्हणजे चांगली वाट एकाच वेळी दोन्ही रेषा हलवते.

वाट तुटली तर काय होते, याचे उदाहरण पनामात आहे. पनामा कालव्यासाठी नदी अडवली आणि गाटुन जलाशय भरला, तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. त्याचे बारो कोलोराडो बेट झाले. १९२३ पासून ते संरक्षित आहे. तिथे कुऱ्हाड चालली नाही, शिकारीला मनाई झाली, शास्त्रज्ञांचा कायम मुक्काम राहिला. तरीही पुढच्या दशकांत तिथले अनेक पक्षी एकेक करून नाहीसे झाले. जंगल तुटल्याची किंमत त्याच दिवशी वसूल होत नाही. ती कर्जासारखी वर्षानुवर्षे फेडली जाते, आणि म्हणूनच तुटणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

शंका आणि पुरावा

मॅकआर्थर यांच्या मांडणीवर टीका झाली आणि ती व्हायला हवी होती. बेटांचा प्रयोग करणारे सिम्बरलॉफच पुढे सर्वांत नेमके टीकाकार ठरले. एक मोठे अभयारण्य नेहमीच अनेक लहानांपेक्षा चांगले, हे सिद्धांतातून निघत नाही, असे त्यांनी दाखवले. १९८७ मध्ये जेम्स कॉक्स यांच्यासह त्यांनी भ्रमणमार्गांविषयीही शंका मांडल्या. ज्या वाटेने हरिण जाईल, त्याच वाटेने वणवा, रोगाची साथ, परकी तणे आणि शिकारीही जातील. आणि वाटेवर होणाऱ्या खर्चात एखादे नवे जंगल राखता येईल. वाट उपयोगी पडते याचा पुरावा आहे का, असा त्यांचा सवाल होता.

पुरावा यायला वेळ लागला. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात सव्हाना नदीच्या परिसरात पाइनच्या जंगलात मोकळ्या जागांचे तुकडे तयार करण्यात आले. काही तुकडे १५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद अशा पट्टीने जोडले, काही सुटे ठेवले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांत जोडलेल्या तुकड्यांत सुट्यांपेक्षा वनस्पतींच्या २० टक्के जास्त प्रजाती होत्या. परकी तणे मात्र त्यामुळे अधिक पसरलेली दिसली नाहीत. अठरा वर्षांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हा आलेखातली दोन्ही हालचाल दिसली. जोडलेल्या तुकड्यांत दरवर्षी नव्या प्रजाती जास्त येत होत्या आणि असलेल्या कमी नाहीशा होत होत्या.

सिम्बरलॉफ यांच्या शंकांचा उपयोगही झाला. आता भ्रमणमार्ग नकाशावर पट्टी लावून आखला जात नाही. आधी मूळ संख्या कुठे टिकून आहे ते पाहतात. मग स्वयंचलित कॅमेरे, पायांचे ठसे, विष्ठेतला डीएनए आणि रेडिओ कॉलर यांवरून प्राणी खरोखर कुठून जातात ते शोधतात. संगणकावर सगळ्या भागाचा अडथळ्यांचा नकाशा होतो. जंगल म्हणजे कमी अडथळा, शेती थोडा जास्त, महामार्ग, कालवा, खाण आणि शहर सर्वांत जास्त. विजेचा प्रवाह तारांच्या जाळ्यातून जसा सोपी वाट शोधतो, तसेच गणित इथे वापरले जाते. शेवटी प्रत्येक अरुंद जागा पायी फिरून तपासावी लागते, कारण संगणकाला न दिसलेले एक कुंपण सगळी वाट बंद करू शकते. वाट कोणासाठी हेही ठरवावे लागते. हत्तीला जे चालते ते बेडकाला चालत नाही.

विदर्भातली बेटे

मॅकआर्थर गेले त्याच १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्राचे मेळघाट होते. जंगले राखली गेली, वाघ टिकले. पण राखलेल्या जंगलांच्या मधला भाग भरत गेला. २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांचाही विचार करण्याची जबाबदारी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणावर आली. २०१४ मध्ये वाघांचे ३२ प्रमुख भ्रमणमार्ग देशाच्या नकाशावर दाखवले गेले. २०२३ च्या केंद्र सरकारच्या अहवालात हत्तींचे १५० मार्ग नोंदले आहेत.

नकाशावरची वाट प्रत्यक्षात कशी येते हे नागपूर–शिवनी महामार्गावर दिसते. पेंच आणि कान्हा यांना जोडणारा जंगलाचा पट्टा हा रस्ता कापतो. चौपदरीकरणावरून बराच काळ वाद आणि न्यायालयीन लढाई झाली. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेण्यात आला आणि खालून प्राण्यांना जाण्यासाठी ५० ते ७५० मीटर रुंदीच्या मोकळ्या जागा सोडण्यात आल्या. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वन्यप्राण्यांच्या १८ प्रजाती टिपल्या गेल्या. वाघ त्यात होता. वर ट्रक धावत होते आणि खाली वाघ त्याच्या वाटेने जात होता.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरमधून एक तरुण नर वाघ निघाला. टिपेश्वर अभयारण्य आहे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वयात आलेल्या नराला स्वतःचे क्षेत्र लागते आणि इथे जागा उरली नव्हती. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा प्रवास कळला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडत, बहुधा रात्री चालत, वर्षअखेरीस तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींनुसार त्याने नऊ महिन्यांत एकूण सुमारे ३,००० किलोमीटर अंतर कापले.

ज्ञानगंगेत त्याला खायला नीलगायी आणि रानडुकरे होती, पाणी होते, जागा होती. दुसरा वाघ नव्हता, वाघीणही नव्हती. मॅकआर्थर यांच्या भाषेत सांगायचे तर बेट मोकळे होते आणि एक प्रवासी पोचला होता. पण एका प्रवाशाने संख्या उभी राहत नाही. त्याच्या मागून आणखी येणारे हवेत. त्यासाठी एका धाडसी वाघाच्या नशिबावर विसंबून चालत नाही. सामान्य, घाबरट, पिल्ले सोडून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाघिणीलाही जमेल अशी वाट लागते.

ही वाट रिकाम्या जमिनीतून जात नाही. ती कोणाच्या तरी तुरीच्या आणि कपाशीच्या शेतातून, गुरे चरतात त्या माळावरून, गावाच्या ओढ्याकाठून जाते. जिथे वाघाने गाय मारली, तिथल्या कुटुंबाला भरपाई वेळेवर मिळाली नाही, किंवा पहाटे शेतावर जाणारा माणूस दगावला, तर नकाशावरची रेषा त्या गावात पुसली जाते. म्हणून आज भ्रमणमार्गाच्या आखणीत वनरक्षक आणि संगणकतज्ज्ञ यांच्याइतकाच शेतकरी महत्त्वाचा आहे. पुलाखालची जागा मोकळी ठेवणे, ओढ्याकाठची झाडे न तोडणे, विजेचे कुंपण न घालणे, भरपाई महिन्यांत नव्हे तर दिवसांत देणे, अशा छोट्या कामांची बेरीज म्हणजे वाट.

मॅकआर्थर यांनी वाघांविषयी काही लिहिले नाही. ज्ञानगंगा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी एक आलेख मागे ठेवला. त्यातली एक रेषा सांगते की लहान जागेत जीव किती वेगाने संपतात, दुसरी सांगते की बाहेरून किती येऊ शकतात. पहिली रेषा बदलायला जमीन लागते आणि ती आता फारशी उरलेली नाही. दुसरी रेषा बदलणे अजून हातात आहे. महामार्गाचा, कालव्याचा किंवा खाणीचा आराखडा मंजुरीला येतो, त्या दिवशी ती रेषा वर जाणार की खाली, हे ठरते.